मुक्ताईचं खाऱ्या पाण्यातलं रीळ

मुक्ताईने बांधलेल्या माश्या दर हिवाळ्यात समुद्र पाहून यायच्या. मुक्ताई मात्र वारज्यातल्या आपल्या फॉल-पिकोच्या दुकानात बसून मोबाइलवर त्यांचे फोटो पाहायची.

माशी म्हणजे गळाभोवती कोंबड्याचं पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेलं आमिष. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून ते लांब फेकायला जाड, वजनदार दोरी लागते आणि ती गुंडाळायला काठीच्या बुडाशी मोठं रीळ. काही वर्षांपूर्वी रणजित नावाचं एक गिऱ्हाईक बॅगेची चेन बदलायला आलं होतं. बॅगेतल्या डबीतून अशा माश्या टेबलावर सांडल्या. एक उचलून मुक्ताई म्हणाली, "हे कोणी बांधलंय? दोरा ढिला सोडलाय."

बांधणारा समोरच उभा होता. मग त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या माश्या तीच बांधू लागली, आणि रविवारी खडकवासल्याच्या पाण्यावर त्याने तिला काठी फिरवायला शिकवलं. हात लवकर बसला. पाण्यावर दोरी उलगडत जाताना पाहिली की आठवडाभर वाकलेली तिची मान सैल व्हायची.

यंदा रणजितच्या मित्रांच्या होडीत एक जागा रिकामी होती. दापोलीकडची खाडी, मोठा जिताडा मासा. "मी येते," ती म्हणाली.

रणजितने अट घातली. "ताई, तो काही धरणातला चिलापी नाही. गळ लागला की सुसाट सुटतो, आणि रिळाचा ब्रेक त्याला दमवतो. ब्रेक गेला तर दोरीचा गुंता होणार आणि सगळ्यांची भरतीची वेळ वाया जाणार. निघायच्या आधी तुमचं रीळ मी ओढून बघेन. नाहीतर माझी साधी काठी घ्या, कोळंबी लावून बसा."

"कोळंबी लावून बसायला इतकी वर्षं काठी फिरवली का मी?"

खाऱ्या पाण्याचं रीळ आणि दोरी घ्यायला ती बुधवार पेठेतल्या एका बोळात तात्यारावांच्या गळ-दोरीच्या दुकानात गेली. तिने किती खर्च करता येईल ते सांगितलं. तात्यारावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"यात चांगलं रीळ येईल किंवा चांगली दोरी येईल. दोन्ही हवं असेल तर मासा लहान धरा."

"दोन्ही दाखवा. माशाचं मी बघते."

त्यांनी तीन रिळं काढली. पहिल्याचा ब्रेक बंद डबीत होता, खाऱ्या पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. पण त्यातच सगळे पैसे संपत होते. दुसरं चकचकीत आणि स्वस्त. मुक्ताईने स्क्रूच्या कडेला नख फिरवलं तर रंगाचा पापुद्रा सुटला. ते तिने मागे सरकवलं. तिसरं करड्या रंगाचं, काचेत ठेवून जुनं झालेलं, म्हणून उतरत्या भावात. अंग अखंड अॅल्युमिनियमचं. ब्रेक मात्र उघडा: बुचाची एक जाड चकती धातूवर दाबून धरायची, एवढंच.

"याची निगा राखावी लागते," तात्याराव म्हणाले.

"माझं शिलाई मशीन माझ्या आईच्या वेळचं आहे. निगा मला सांगू नका."

मग दोरी. सेलमधली फिकट हिरवी दोरी तिने चिमटीत धरली. मऊ होती. तिची गोड्या पाण्यातली दोरी मे महिन्यात उन्हाने अशीच ओल्या शेवईसारखी व्हायची आणि काठीच्या कड्यांना चिकटायची. "ही थंड मुलखातली. उन्हातली द्या." उन्हातली महाग होती. तिने तीच घेतली आणि करडं रीळ घेतलं. मशीनच्या नव्या मोटरसाठी साठवलेले पैसे संपले.

घरी येताच तिने रिळाची निगा सुरू केली. दर शनिवारी मशीनला करायची तशीच: प्रत्येक फटीत तेलाचा एकेक थेंब. खारं पाणी आत शिरायला जागाच ठेवायची नाही, हा हिशोब. नवरा जयसिंग बघत होता. "आता त्याला हळदीकुंकू तेवढं राहिलंय बग."

रविवारी कालव्याकडेच्या मैदानावर रणजितने दोरीचं टोक स्कूटरच्या मागे बांधलं आणि गाडी पळवली. मुक्ताईने ब्रेक पूर्ण आवळला होता. तरी रीळ मोकाट फिरलं, दोरी उसळून बाहेर आली आणि काठीच्या मुठीशी पक्ष्याचं घरटं झालं.

रणजित परत आला. गुंत्याकडे पाहत म्हणाला, "ताई, माशाला अडवायचंय. तुम्ही त्याला गाडीत बसवून टाटा करताय."

तिने तिथेच झाकण उघडलं. बूच तेलाने काळं पडलं होतं. घासूनच अडवायचं काम ज्याचं, त्यालाच तिने तेल पाजलं होतं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी या."

"माझी काठी आहे की."

"पुढच्या रविवारी या म्हटलं ना."

तात्यारावांच्या दारावर पाटीच होती, उघडलेला माल परत घेत नाही म्हणून. सुटी चकती त्यांच्याकडे नव्हती. दोरी कुणाला तरी विकून स्वस्तातली घेतली तर दुसरं रीळ येईल, असं जयसिंगने सुचवलं. "मग उन्हात फेकू काय?" मुक्ताई म्हणाली.

त्या आठवड्यात तेलाचा डाग पडलेली रेशमी साडी घेऊन एक बाई आली. मुक्ताईने नेहमीसारखी डागावर पावडर दाबली, वर कागद ठेवला, कोमट इस्त्री फिरवली. कागदावर तेल उतरलं. ती थांबली. साडी बाजूला ठेवली आणि चकती आणली.

पावडर, कागद, इस्त्री. बूच जळू नये म्हणून इस्त्री जेमतेम कोमट. कागद पिवळा झाला की नवा. आठवडाभर दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिचं हेच चाललं. शेवटी कागद कोरा निघू लागला. तेलाचे थेंब आता फक्त आसाला आणि मुठीला, बुचापासून लांब.

रविवारी स्कूटर सुटली. रीळ गुरगुरलं, दोरी एका चालीत जात राहिली, काठी वाकली. मुक्ताईने ब्रेक थोडा आणखी आवळला. रणजितला गाडीचा कान पिळावा लागला, तरी वेग वाढेना. मैदानाच्या टोकाला त्याने गाडी थांबवली आणि चालत परत आला.

"सामान कमी आणा," तो म्हणाला. "होडी लहान आहे."

मुक्ताईने रिळाला हात लावून पाहिला. गरम झालं होतं.

"मोठा जिताडा एकदाच पळत नसेल ना? जा, परत ओढा. ब्रेक गरम असतानाही धरतो का, बघू दे."