बापूसाहेबांच्या बंगल्यात पार्बताबाई

पार्बताबाईंनी अमरावतीतल्या कितीतरी घरांना तोरणं बांधली होती, पण घर दिसायचं ते उंबरठ्यापर्यंतच. शेतातला झेंडू ओवायचा, वास्तुशांतीच्या दाराला बांधायचा आणि मान लांब करून आत डोकवायचं. उरलेलं घर त्या मनानंच बांधत आणि संध्याकाळी नवऱ्याला, वामनरावांना, रंगवून सांगत.

"आतमंदी चांदीचं देवघर हाय."

"तुले कोनं आत नेलं व?"

"न्यावं कायले लागते? दारावरूनच समजते!"

एकदा सुनेनं, करिश्मानं, मोबाइलवर वाचलं की अकोल्यातल्या एका वकिलांचा शंभरेक वर्षांचा बंगला नीट दुरुस्त करून रविवारी सगळ्यांना पाहायला खुला ठेवलाय. पार्बताबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि सासू-सून एसटीत बसल्या.

बंगला काय होता! खिडक्यांना रंगीत काचा, फरशीवर वेलबुट्टी, सागवानी खांब. करिश्मा फोटो काढत पुढे गेली. पार्बताबाईंचा गुडघा कुरकुरला, तशा त्या दिवाणखान्यातल्या खुर्चीत टेकल्या. डोक्यावर पदर, अनवाणी पाय, चेहऱ्यावर समाधान. पाहायला आलेल्या मुलींना वाटलं, याच घरच्या आजी.

"आजी, तुम्ही इथंच राहता?"

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं खरं, पण 'आजी' इतकं गोड आलं होतं की तोंडातून निघालं, "मंग कुठं जाऊ?"

"या काचा रंगीत का हो?"

"सासूबाई गोऱ्यापान होत्या. उन्हानं काळ्या पडतीन म्हनून सासऱ्यानं लावल्या."

मुली खुदकल्या. आणखी माणसं जमली. कुणी छताची पितळी कडी दाखवली.

"तिथं पोराचा पायना टांगला होता. दूध उशिरा आलं का पोरगं अख्ख्या घराले जाब विचारे."

मागून एका पिकल्या मिशीच्या गृहस्थांनी विचारलं, "त्या मुलाचं पुढं काय झालं?"

"वकील झाला. लय भांडखोर! पन बायकोपुढं एक केस जिंकला नाई."

त्यांच्या शेजारची बाई खळखळून हसली. तेवढ्यात करिश्मा धावत आली.

"आत्याबाई, काय करून राहिल्या? हेच बापूसाहेब हायेत, या घराचे मालक!"

पार्बताबाई ताडकन उठल्या. गुडघाही विसरला दुखायचं. "माफ करा, साहेब. खुर्ची लय चांगली होती. बसली, अन् तोंड सुटलं."

"ही बदनामी आहे," बापूसाहेब मिशीतून म्हणाले. "कडी झोपाळ्याची आहे."

"असू द्या हो," त्यांच्या पत्नी रमाबाई म्हणाल्या. "सकाळपासून तेच तेच सांगून माझा घसा बसलाय. आणि केस जिंकला नाहीत हे तर खरंच की!"

सगळे हसले. मग बापूसाहेबांनाही हसावं लागलं.

रमाबाई पार्बताबाईंना आतल्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथं पाहुण्यांना मज्जाव होता. चहा झाला, पार्बताबाईंचं कोनेकोपरे पाहून झालं, तोरणं बांधताना घरं उंबरठ्यावरूनच पाहिल्याचं सांगून झालं, तशा रमाबाई म्हणाल्या, "आता तुमचं घर कधी दाखवता?"

पार्बताबाईंनी कप खाली ठेवला. इतकी घरं पाहिली त्यांनी, पण त्यांचं घर पाहायचंय असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"आमचं काय पाहान, बाई? दोन खोल्या, वरून टिनं."

"आतपर्यंत पाहणार पण. उंबरठ्यावरून नाही चालायचं."

पुढच्याच महिन्यात दोघं खरंच आले. करिश्मानं भिंतींना चुना दिला होता. वामनराव धुतलेला सदरा घालून उगाच आतबाहेर करत होते. पार्बताबाईंनी दारापासून सुरुवात केली: छपराचं हे लाकडी आढं वामनरावांनी कुठून आणलं, ही चूल कुणी घातली, या कोनाड्यात लेकाचे दुधाचे दात कसे ठेवले होते. रमाबाई विचारत होत्या आणि पार्बताबाई सांगत होत्या, सगळं खरंखुरं.

बापूसाहेब दोनदा म्हणाले, "भूक लागली." कुणी ऐकलं नाही. दोन खोल्या दाखवायला अख्खी सकाळ लागली.