माशी मोठी झाली

दिनू गेला तेव्हा वाटी माझ्या हातातच होती. मेहकरच्या घरात आम्ही दोघंच, मी विधवा मोठी बहीण आणि तो फौजेतून परतलेला, लग्न न केलेला धाकटा भाऊ. वाटी कुठं ठेवावी तेही सुचेना मला...

फौजेत असताना हिमाचलात त्याला ट्राऊट मासे धरायचा नाद लागला. गळाला गांडूळ लावायचा नाही हा. कोंबड्याची पिसं आणि रेशमाचा दोरा घेऊन गळावरच नकली माशी बांधायचा. शेजारणीचा कोंबडा तर त्याला पाहिलं की आडोशाला पळायचा. पेन्शनीत आल्यावरही दर उन्हाळ्यात तो तिकडं जायचा, एकदा मलाही नेलं. दिवस मावळताना नदीतून बारीक किडे निघाले, पाण्यावर मासेच मासे उसळायला लागले, आणि याच्या माशीला एकही तोंड लावेना. जवळ येत, बघत, वळून जात. मी म्हटलं, "एवढे भुकेले हायेत, मंग तुही माशी काऊन घेत नाहीत रे?" त्यानं पाण्यावरचा एक किडा बोटावर घेऊन आपल्या माशीशेजारी धरला होता. "बाई, माशी मोठी झाली. आपल्याजवळ काय हाय ते नाही, त्याले काय पायजे ते पाहा लागते." मग बारकी माशी लावली, ती एकानं घेतली. ओल्या हातानं सोडवून यानं त्याला परत पाण्यात सोडलं.

यंदा पोटाच्या दुखण्यानं तो खाटेला खिळला. जेवढं जाईल तेवढं द्या, म्हणाले डॉक्टर. मी ज्वारीच्या कण्या केल्या, शेवयांची खीर केली, आंब्याचा रस गाळून दिला. चमचा ओठांशी नेला की बघायचा आणि मान वळवायचा. एकदा हसून म्हणाला, "बाई, माशी मोठी झाली." मी चमचा अर्धा केला, मग नुसता बोटावर थेंब. त्यानंच शिकवल्यासारखी त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. शेवटी विचारलंच, "सांग नं दिनू, काय पायजे तुले?"

"मलेच कळून नाही राह्यलं, बाई."

यावर माणसानं काय रांधावं, सांगा...

ओसरीत त्याचा माशी बांधायचा चिमटा टेबलाला तसाच आवळलेला आहे. त्यात अर्धी बांधलेली माशी, दोरा खाली लोंबतो. संध्याकाळी दिव्याभोवती किडे जमतात. मी चष्मा लावते, एखादा बोटावर घेते आणि त्या माशीशेजारी धरून बघते.

मोठीच वाटते मला, अजून.