जास्तीची दस्ती

जे माणूस येणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, त्याच्यासाठी तुम्ही कधी गाडीत जागा धरली आहे का?

उत्तममामा रोज धरायचे. सकाळची पॅसेंजर पूर्णेकडून भरून यायची. ती आमच्या बोरसांगवीच्या फलाटाला लागता लागता मामा तिच्याबरोबर थोडं पळायचे, खिडकीच्या गजांतून हात आत घालायचे आणि बाकावर दस्ती टाकायचे. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. या खिडकीतून दोन, पुढच्या खिडकीतून तीन. दस्ती पडली की जागा धरली गेली. हा कायदा कुठल्याही सरकारनं केलेला नाही, पण आमच्या भागात तो मोडायची कोणाची छाती होत नाही. मग मामा मागं वळून आम्हा मुलींना म्हणायचे, "चढा गं, जागा हाय. ढकलाढकली करू नका." आम्ही सगळ्या बसल्यावरही एक दस्ती उरायचीच, खिडकीजवळची. तिच्यावर कोणी टेकायला लागलं की मामा दारात उभे राहूनच सांगायचे, "तिथं न्हाई दादा. यायलंय माणूस."

परभणी यायची. माणूस काही यायचं नाही. मामा ती दस्ती उचलून झटकायचे, घडी घालायचे आणि खिशात ठेवायचे.

मामा परभणीत एका दुकानात शाळांचे गणवेश शिवायचे. उंच, वाकलेले, गळ्यात टेप, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. ते माणसाशी बोलतात की त्याचं माप घेतात, हे कळायचं नाही. उरलेल्या चिंध्यांतून ते दस्त्या शिवायचे. निळ्या, खाकी, चौकड्याच्या. प्रत्येकीला चारी बाजूंनी बारीक शिलाई. सोबतचे अप-डाऊनवाले थट्टा करायचे, "मामा, भाड्यानं देता का एखादी?" मामा म्हणायचे, "तुला कशाला? तू उभ्यानंच झोपतूस."

मी पहिल्यांदा फलाटावर गेले तेव्हा अकरावीत होते. मामांनी खांद्याकडे बघत विचारलं, "तू कोणाची गं?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "म्हंजे पत्रकवाल्याची," मामा म्हणाले. ते खरंच होतं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पाण्याची, विजेची, मजुरीची, ज्या मोर्चात वडील गेले त्या मोर्चाची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर, आणि मला न अडखळता लिहिता आलेला पहिला जोडशब्द 'जाहीर निषेध' होता. त्या दिवशी माझ्यासाठी दस्ती नव्हती. मामा जरा घुटमळले, मग खिडकीजवळच्या जागेकडे बोट करून म्हणाले, "आजच्या दिवस बस तिथं. उद्या तुझी येगळी शिवून आणतो." दुसऱ्या दिवशी माझी गडद निळी दस्ती आली आणि ती जागा पुन्हा रिकामी झाली.

ती कोणासाठी, हे मी कॉलेजची सगळी वर्षं विचारलं नाही. कोणीच विचारत नव्हतं. त्या जागेकडे बघून आवाज आपोआप खाली यायचा.

मग महामारी आली आणि सगळ्याच गाड्या थांबल्या. महामारी गेली, गाड्या परत आल्या. एकाचे दोन मार्ग झाले, वर विजेच्या तारा आल्या. आमची पॅसेंजरही परत आली, पण एक्स्प्रेस नावानं. डबे तेच, बाकं तीच, भाडं एक्स्प्रेसचं. आणि वेग वाढवायचा म्हणून आमच्यासारखे थांबे गाळलेले. प्रगती हा शब्द मला पत्रकांमुळे लहानपणापासून माहीत होता. ती आपल्या फलाटावरून शिटी वाजवत न थांबता जाते, हे तेव्हा कळलं.

फाट्यावर जीप मिळायची. ती माणसं कोंबल्याशिवाय हलायची नाही. मुलींच्या बापांनी एकदा जीपमध्ये डोकावून बघितलं आणि निर्णय घेतले. कुठे आरडाओरडा झाला नाही, कोणी कोणाला मारलं नाही. एकेक दप्तर खुंटीवर गेलं. पुढच्या लग्नसराईत मी जेवढ्या पंगतींना बसले, त्यातल्या बहुतेक नवऱ्या आमच्या डब्यातल्या होत्या.

मामा जीपनं दुकानात जायचे, पण आधी फलाटावर जायचे. मी एका सकाळी त्यांना तिथं बघितलं. फलाटावर शेळ्या चरत होत्या, नावाच्या पाटीवर धूळ होती. मामा नेहमीच्या जागी उभे होते, हातात दस्त्यांचा गठ्ठा. गाडी आली तशी गेली. वाऱ्यानं दस्त्या हातातच फडफडल्या. खिडक्यांतले चेहरे आमच्याकडे बघत नव्हते, आमच्या आरपार बघत होते. मी म्हटलं, "मामा, ती थांबणार नाही."

"ठावं हाय मला. पण तिला ठावं ऱ्हावं की आमी हितं हावोत."

त्याच सकाळी, शेळ्या हाकलत, मी न विचारता मामा कावेरीबद्दल बोलले. कावेरी त्यांची थोरली. अकरावीत असताना तिला गाडीत बसायला जागा मिळाली नाही, ती दाराजवळ उभी राहिली, आणि गर्दीत कोणीतरी तिची ओढणी धरून ठेवली. तिनं घरी येऊन खरं ते सांगितलं. "मी काय केलं असंल?" मामा म्हणाले. "त्या माणसाला हुडकायचं सोडून तिलाच मनलं, बास झालं, घरी बस. दिली पाथरीला. सणावाराला येती. माझं ताट वाढती. त्या गोष्टीचं एक अक्षर बोलली न्हाई, अजून बोलत न्हाई. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी झोपलो असतो." मग गठ्ठा पिशवीत घालत म्हणाले, "पोरींना बसायला जागा पायजे. जागा असली की बापाला बहाणे मिळत न्हाईत."

तेव्हा गावात माझ्याशिवाय एकच मुलगी उरली होती जिचं अजून काही ठरलेलं नव्हतं. पूजा, सोपानरावांची. त्यांची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. पूजा बारावी झाली होती, तिला परभणीत नर्सिंगला जायचं होतं, आणि वालूरचे पाहुणे तिला बघून गेले होते. मामा सोपानरावांच्या वाड्यावर गेले, मेंढरांचा वाडा हो, आणि मी सोबत होते. सोपानराव सरळ माणूस. म्हणाले, "उत्तमराव, गाडी असंल तर धाडतो. जीपात न्हाई धाडणार." मामा म्हणाले, "गाडी आणतो. तवर पाव्हण्याला थांबीव." पूजा कुडाच्या आड उभी होती. तिची सावली हलली नाही.

गाडी आणायची म्हणजे काय, हे मामांना माहीत नव्हतं. मला वाटत होतं मला माहीत आहे. मी पत्रक लिहिलं. त्यात अन्याय होता, षड्‌यंत्र होतं, रक्ताचा शेवटचा थेंब होता. मामांनी ते मशीनवर ठेवून सावकाश वाचलं. "मापापेक्षा लय मोठं शिवलंस, माय. आतलं माणूस दिसंना झालं." मी चिडले. ते म्हणाले, "पूजा सकाळी कुठून कुठं जाती, तेवढं लिही." मी तेवढं लिहिलं. माझ्या पहिल्या पत्रकानं सही करणारे आले नसते असं नाही, पण दुसऱ्यावर बायकांनी सह्या केल्या.

ते घेऊन आम्ही दूरच्या एका मोठ्या रेल्वे कार्यालयात गेलो. तिथले साहेब उद्धट नव्हते. मी उद्धट माणसाची तयारी करून गेले होते, त्यामुळे गोंधळले. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाले, तुमच्या स्टेशनावरून कोणी चढतच नव्हतं. विकलेली तिकिटं जवळपास नाहीत. मुलींचे पास परभणीच्या खात्यात जातात. जिथं प्रवासीच नाहीत तिथं आम्ही गाडी कशी थांबवायची?

मी भांडायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की ते खरं बोलत होते. बोरसांगवीत तिकीट काढायची रीतच नव्हती. गार्ड ओळखीचा, टीसी ओळखीचा, गाडी घरची. घरच्या गाडीला कोण तिकीट काढतं? तिकिटाच्या खिडकीतला माणूस बिचारा वर्तमानपत्र वाचत बसायचा. पिढ्यांमागून पिढ्या चढल्या. बाळंतिणी, दुधाच्या बरण्या, परीक्षेची पोरं, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या बाया. आणि कागदावर फलाट रिकामा. आम्ही सगळं गाव भुतासारखे चढत-उतरत होतो.

परतीच्या वाटेवर मामा पिशवीतली एक दस्ती काढून तिची घडी मोडत, पुन्हा घालत होते. मग म्हणाले, "म्हंजे माझी कावेरी बी कवा चढलीच न्हाई."

अन्याय करणारा समोर असला की मला लिहिता येतं. इथं वरच्यांनी आम्हाला पुसलं होतं हे खरं, पण खडूनं लिहायचं कामही आम्ही कधी केलं नव्हतं.

त्यानंतर मामा दारोदार फिरले. गाडी थांबली तर तिकीट काढायचं, एवढंच सांगत. लोक हसायचे. "मामा, गाडीचा पत्ता न्हाई अन् तिकिटाचं काय सांगायलाव?" मामा म्हणायचे, "लेकरू वाढंल मनून कपड्यात जास्तीचं कापड दुमडून ठिवतोच की. तसंच हे." आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. साहेबांनी वर लिहिलं. सोपानरावांनी शब्द पाळला, उन्हाळाभर पाहुणे थांबवले. मग पाहुणेच म्हणाले, आता हो किंवा नाही. पूजाचं लग्न झालं. मामा मांडवाच्या कडेला अक्षता हातात धरून उभे होते. सगळ्यांच्या टाकून झाल्या तरी त्यांची मूठ मिटलेलीच होती.

तिची वरात वालूरला गेली आणि पंधरवड्याच्या आत कळलं की बोरसांगवीला गाडी थांबणार. प्रयोग म्हणून. तिकिटं विकली गेली तर पुढं चालू, नाहीतर बंद.

पहिल्या दिवशी फलाटावर हार होते, ताशा होता, आणि ज्यांनी कधी सही केली नव्हती ते पुढारी सगळ्यांत पुढं होते. तिकिटाची खिडकी उघडली होती. तिच्यासमोर मामा एकटे. लोक म्हणत होते, आज तर उद्‌घाटन, आज कशाचं तिकीट. मी मामांच्या मागं उभी राहिले. त्यांनी दोन तिकिटं मागितली.

"माझं मी काढते, मामा."

"तुझं तू काढच. हे पूजाचं हाय."

ते खिडकीतल्या माणसाच्या खांद्याकडे बघत होते. "ती आली न्हाई. पण ती चढली, एवढं तर लिवलेलं पायजे कुठंतरी."

गाडी लागली. मामा आता पळू शकत नव्हते. त्यांनी दस्त्या माझ्या हातात दिल्या आणि मी त्या टाकल्या, एकेका खिडकीतून, अगदी त्यांच्यासारख्या. आत गेल्यावर दिसलं की त्यांच्यावर बसायला कोणी नव्हतं. बाकावर नुसते निळे, खाकी, चौकड्याचे चौकोन पडले होते. बाहेर ताशा वाजत होता. पुढचं पिंगळी स्टेशन येईपर्यंत मामा त्या चौकोनांसमोर हात जोडावेत तसे, तळवे गुडघ्यांत धरून बसले होते. परभणीला उतरताना त्यांनी त्या दस्त्या गोळा केल्या नाहीत, मी केल्या.

त्या थंडीत मामा गेले. छातीचं दुखणं होतं, सांगितलं नव्हतं.

कावेरी पाथरीहून आली. तिच्या कपाळावर, बोलण्यात, चालण्यात मामा होते. दहाव्याच्या दिवशी मी दस्त्यांचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. मामा रोज गाडीत त्या कशा टाकायचे, तेवढं सांगितलं. तिनं एकेक बाजूला केली आणि एका दस्तीपाशी थांबली. फिकट हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची, खिडकीजवळच्या जागेची.

"हे माझ्या कॉलेजच्या ड्रेसचं कापड हाय," ती म्हणाली.

बराच वेळ ती शिलाईवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं ती घेऊन जाईल. तिनं ती घडी घालून माझ्या हातात दिली.

"उद्या टाक," ती म्हणाली.

मी टाकते. रोज दोन तिकिटं काढते आणि खिडकीजवळ हिरवी दस्ती टाकते. कोणी टेकायला लागलं की माझ्या तोंडून मामांचा आवाज निघतो: यायलंय माणूस. पण मला आता खोटं बोलायचा कंटाळा आला आहे. प्रयोग अजून संपलेला नाही आणि माझ्या दुसऱ्या तिकिटावर तो फार दिवस तगणार नाही. म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुमच्या गावी छोटं स्टेशन असेल तर उद्या सकाळी त्याच्या खिडकीवर जा आणि तिथूनच तिकीट काढा, गार्ड तुमचा मावसभाऊ असला तरी. आणि घरात खुंटीला टांगलेलं एखादं दप्तर असेल, तर ते काढून जिचं आहे तिच्या खांद्यावर द्या आणि तिला फलाटावर आणा. जागेची काळजी करू नका. ती धरलेली आहे.