सर्जेरावांचं आभाळातलं लोखंड

आमच्या मालकांचं नाव सर्जेराव. नाव घ्यायची सवय न्हाय मला, पण वळख सांगायची तर घ्यावंच लागतं. बारामतीच्या एका कॉलेजात दगडांच्या लॅबमधी तीस वर्सं शिपाई होते. शेळगावहून रोज एसटीनं जायचे आन संध्याकाळी चुलीम्होरं बसून एकच पुराण लावायचे. आभाळातनं पडलेल्या लोखंडाची तळहाताएवढी चकती होती तितं, तिचं.

"ॲसिडानं धुतली की आडव्यातिडव्या रेघा उठतात बघ. दोन जातींचं लोखंड हाय. एकात निकेल कमी, दुसऱ्यात जास्त. लाखो वर्सं हळूहळू निवत गेलं, तवा असं एकात एक बसलं. कुठल्या भट्टीत जमायचं न्हाय. विजयमाला, एकदा बघायला ये."

"सवतीला बघायला कोण जातंय?" मी म्हणायची. कधी म्हस व्यायलेली, कधी पोराची परीक्षा. बांगड्या भरायला बारामतीला धा येळा गेले, पण कॉलेजात पाय ठेवला न्हाय.

राबवलं मात्र मला बी. चकतीच्या पेटीत ओल शोषायचे खडे असायचे. कोरडे असले की निळे, ओल प्याले की गुलाबी. शनिवारी ते गुलाबी खडे पुडीत घेऊन यायचे, मी जुन्या तव्यावर मंद आचेनं भाजून निळे करायची, सोमवारी परत पेटीत. न्हाय तर गंज चकतीला आतनं खातो म्हणायचे.

गेल्या श्रावणात शनिवारी पुडी आणली, आन रविवारी छातीत कळ येऊन गेले.

त्यांच्या पिशवीला हात लावायचं धाडस मला वर्षभर झालं न्हाय. वर्षश्राद्ध झाल्यावर उघडली, तर आत ती पुडी. वर्षभर चकती खड्यांवाचून होती. तीस वर्सं त्यांनी जपलेलं माझ्या हयगयीनं गेलं, तर मी काय करू? बैल गेला आन झोपा केला म्हणतात, तसं खडे भाजून सकाळची पहिली एसटी धरली.

लॅबमधी अश्लेषा नावाच्या नव्या मॅडम होत्या. त्यांनी पेटी उघडली. चकतीच्या कडांना तांबडा गंज चढून पापुद्रे सुटलेले. मला रडूच फुटलं.

"मावशी, मधला भाग वाचलाय," म्हणत मॅडमनी चकती उजेडात तिरकी धरली. रेघा चमकल्या. ते सांगायचे अगदी तशाच. मधी एक पितळी गोल ठिपका होता.

"ते लोखंड आन गंधक हाय," मी बोलून गेले.

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"ह्यांनी सांगितलेलं. मला वाटायचं, मी ऐकतच न्हाय."

"मग आधी कधी बघायला आला नाहीत?"

"बोलवायचे ते. मलाच सवड नव्हती."

मॅडमनी खडे पेटीत ठेवले आन मला स्टूल दिलं. मी लई येळ बसून बघितलं. रेघा बघून झाल्या. पण मला त्या त्यांच्या शेजारी उभं राहून बघायच्या होत्या, आन ते आता व्हायचं न्हाय.