शेठांची पोझिशन आणि दत्तूचा डावा हात

लूमखाली कापसाचं भुसकट रोज झाडलं तरी रोज साठतं. आमच्या यंत्रमाग कारखान्यातले किस्से तसेच साठलेत. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत भोईरशेठांकडे कारकून होतो. जुनी चार माणसं भेटली की एखादा किस्सा निघतोच, आणि बहुतेक सगळे त्या टेबलापाशी घडलेले!

मुंबईच्या कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेलं बिलियर्डचं टेबल शेठांनी आणलं आणि लूमच्या वर, माडीवर चढवलं. खाली शिफ्ट चालू. शेठांनी चेंडू ठेवला, काठी उचलली, आणि काठी लागायच्या आतच चेंडू थरथरत निघाला तो थेट पॉकेटमध्ये!

"बघा!" शेठ म्हणाले. "नुसता बघितला तरी पडतो!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र खेळ फक्त शुक्रवारी, लूम बंद असताना.

*

टेबलाच्या पायांखाली पाचर मारून ते लेव्हलला ठेवायचं काम दत्तू जॉबरचं. लूम दुरुस्त करणारा याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता, म्हणूनच शेठांनी त्याला चार वर्षं रातपाळीला डांबून ठेवलं होतं. तो सकाळी शेलार गावात घरी जाऊन झोपायचा आणि पोरगी शाळेतून येईपर्यंत निघायच्या तयारीत असायचा. सुट्टीच्या दिवशीही शेठ त्याला टेबलासाठी बोलवून रात्री उशिरापर्यंत अडकवायचे.

"शेठ, यकदा दिवसपाली द्या ना. पोरीला मी धड दिसत पन न्हाय."

शेठ खुशीत होते. "मला या टेबलावर हरवून दाखव. त्या दिवसापासून कायमची दिवसपाळी!"

सगळे हसले. दत्तू हसला नाही.

*

शेठांना शिकवायला इस्माईलचाचा यायचे. जन्मभर एका जिमखान्यात मार्कर होते, म्हणजे साहेबांना खेळवून साहेबांचेच पॉइंट मोजायचे. त्यांचा पहिला धडा उभं राहण्याचा.

"शेठ, झुकिये."

"झुकलोय की!"

"और. ठोडी छडी को लगनी चाहिये."

शेठांची हनुवटी काठीपर्यंत पोचेना, कारण पोट आधीच टेबलाला टेकलेलं. शिवाय निवडणुकीत मतं मागतानासुद्धा हा माणूस कुणापुढे वाकला नव्हता!

*

दुसरा धडा डाव्या हाताचा. पंजा कापडावर टेकवायचा, बोटं पसरायची, अंगठा उभा करायचा आणि त्या खाचेतून काठी सरकवायची. शेठांच्या डाव्या हातात चार अंगठ्या. पहिल्याच फटक्यात हिरवं कापड वीतभर फाटलं.

"अंगूठी उतारिये," चाचा म्हणाले.

"यातली एक शनीची आहे! शनीला काढून ठेवू?"

"शनि को रहने दीजिये. बस, दाहिने हाथ में ट्रान्सफर कर दीजिये!"

*

पाय नेमके कुठे ठेवायचे हे शेठांच्या लक्षात राहीना, म्हणून चाचांनी फरशीवर खडूने दोन पावलं काढून दिली. पुढच्या शुक्रवारी शेठाणी माडीवर डोकावल्या. त्यांनी पावलं पाहिली, हात जोडले आणि दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं!

आता त्यावर पाय कोण ठेवणार? शेठ दोन्ही पावलं टाळून फेंगडे उभे राहायला लागले. मग आम्हीही तसेच उभे राहायचो. चाचा खुर्चीत बसून डोळे मिटून घ्यायचे.

*

शेठ कधीच हरत नसत. त्यासाठी आम्हाला फार मेहनत पडायची. एकदा चेंडू पॉकेटच्या तोंडावर होता आणि मी नेम धरून तो चुकवला. चाचा कानाशी आले.

"जोशीजी, इतने नजदीक से चूकना! आपमें हुनर है!"

*

आणि एका शुक्रवारी दत्तू काठी घेऊन उभा राहिला. "शेठ, आज खेलू."

शेवटी काळा चेंडू पाडेल तो जिंकला, असा आमचा सोपा नियम. शेठांनी काळ्यावर तीनदा फटका मारला आणि तीनदा तो हुकला. दत्तू वाकला. पाय घट्ट, हनुवटी काठीवर. डावा पंजा कापडावर असा टेकला, जसा चालू लूमवर टेकायचा. काळा चेंडू सरळ आत गेला.

टाळी कुणीच वाजवली नाही. शेठ हरल्यावर काय करायचं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"हे तू शिकलास कधी?" शेठांनी विचारलं. "चाचा तर मला शिकवत होते!"

"व्हय शेठ. शिकवत तुमाला होते, आयकत मी होतो."

शेठ काठी भिंतीला टेकवून वळले. मग म्हणाले, "जोशी, याला उद्यापासून दिवसपाळीत लिही."

*

शनिवारी दिवे लागायच्या सुमाराला दत्तू घरी पोचला, हातपाय धुऊन ओटीवर बसला. पुढचं त्याने रविवारी डबा खाताना सांगितलं. सांगताना हसत होता, पण घास हातातच राहिला होता.

पोरगी आतून आली. त्याला बघून दारातच थबकली. मग आईकडे धावत गेली आणि हळूच म्हणाली,

"आये, बाबाला कामावरना काढला काय? रात झाली तरी घरान हाय!"