एका खाचेची पट्टी

काचबिंदूने आईची नजर पूर्ण गेली तेव्हा ती पंचावन्नच्या आसपास होती. मुलुंडमधल्या आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बायकांचे ब्लाउज ती शिवत असे. नजर गेली तशी शिवण थांबली. मशीन मात्र खिडकीखालीच राहिले आणि रोज दुपारी ती त्यावरची धूळ पुसायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला विधानसभेची निवडणूक आली. आंधळेपणातली तिची ती पहिलीच. बाबा गिरणीतून निवृत्त झालेले आणि एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी पक्षाच्या टेबलावर बसून ते लोकांना यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून देत. आई त्यांच्याच पक्षाला मत देते की नाही, हे त्यांना कधीच कळले नव्हते. घरात दोघे एकमेकांशी मालवणीत बोलत. प्रत्येक मतदानाच्या संध्याकाळी बाबा विचारत, "कोणाक दिलंस गो?" आणि ती भात वाढता वाढता सांगे, "शिक्को मारलंय." माझ्या आठवणीत हा संवाद कधी एका शब्दानेही वाढला नाही.

मी तेव्हा एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो. अंध मतदाराला सोबती नेता येतो, सोबत्याने शिक्का मारायचा आणि गुप्तता पाळीन असे लिहून द्यायचे, हा नियम मी आईला समजावून सांगितला.

"म्हणजे तुला कळणार," ती म्हणाली.

मी कोणाला सांगणार नाही, असे मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

दुसऱ्या दिवशी मी निवडणूक कार्यालयात गेलो. कारकून सभ्य होता. सोबत्याची सोय दिली आहे, मग अडचण काय, असे त्याने विचारले. मी अडचण सांगितली. घरातल्या घरात कसली गुप्तता, असे म्हणून तो हसला आणि त्याने अर्ज करायला सांगितले. आईला एकटीला मत देऊ द्यावे, असा अर्ज मी तिथेच लिहिला. त्याने शिक्का मारून पोच दिली. उत्तर आले नाही. दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा अर्ज वर पाठवला होता. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता आले नाही.

उपाय आईनेच काढला. बाबांच्या पक्षाने मतपत्रिकेचा नमुना छापून वाटला होता. त्यात फक्त त्यांच्या उमेदवाराचे नाव आणि चिन्ह होते, बाकीच्या ओळी कोऱ्या. खऱ्या मतपत्रिकेवरच्या ओळी एवढ्याच उंचीच्या असतात का, हे तिने मला विचारून यायला लावले. तेवढे उत्तर मात्र कार्यालयातून लगेच मिळाले. असतात.

मग तिने मशीनच्या सुईतला दोरा काढायला सांगितला. नमुना मी सुईखाली धरला आणि छापील रेघेवरून सरकवत गेलो. पायडल ती मारत होती. नऊ उमेदवारांच्या नऊ ओळी भोकांच्या रेघांनी वेगळ्या झाल्या. तिने त्यावरून बोट फिरवले आणि मला वर्तमानपत्रातली उमेदवारांची नावे क्रमाने वाचायला लावली. दोनदा. त्यानंतर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि कात्री मागून घेतली आणि मला बाहेर जायला सांगितले.

पुठ्ठ्याची पट्टी मतपत्रिकेच्या उंचीची होती आणि तिला एकच खाच होती. पट्टी कागदाच्या कडेला लावायची, खाचेशी बोट ठेवायचे, बोटाशेजारी शिक्का. बाहीच्या मुंढ्याच्या मापासाठी ती असेच पुठ्ठे कापायची. पट्टी तिने पाकिटात घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

मतदान केंद्र महापालिकेच्या शाळेत होते. टेबलावरच्या माणसाने आईचे नाव मला विचारले, सही येते का हेही मलाच विचारले. "मला ऐकू येतं," आई म्हणाली. त्याने बोटाला शाई लावली. आईने पट्टी काढली आणि मला एकटीला आत जाऊ द्या, असे सांगितले.

केंद्राध्यक्ष वयस्कर होते, शिक्षक असावेत. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरली. बाकावरच्या पक्ष प्रतिनिधींपैकी एकाने हरकत घेतली: खूण केलेली वस्तू आत नेता येणार नाही. दुसरा म्हणाला, मावशींनी माप घेतलंय, आता उमेदवाराला ब्लाउज बसला म्हणजे झालं. बाक हसला. केंद्राध्यक्षांनी नियमपुस्तिका चाळली आणि असे काही नियमात नाही, असे सांगितले.

"नेऊ नये असं आहे का?" आईने विचारले.

त्यांनी पुन्हा पाने उलटली. तसेही नव्हते. पण लिहिलेले नाही ते मला करता येत नाही, असे ते म्हणाले. उद्या चौकशी लागली तर उत्तर मीच द्यायचे ना, असेही म्हणाले. मी कार्यालयाची पोच दाखवली. ती त्यांनी नीट वाचली आणि परत दिली. पोच म्हणजे परवानगी नव्हे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते.

मागे रांग थांबली होती. एक बाई वैतागून म्हणाली, "अहो आजी, मुलगाच आहे ना? परका आहे का?"

"मुलगाच आहे," आई म्हणाली, "म्हणूनच."

पट्टी टेबलावर राहिली. मी हमीपत्रावर सही केली. आडोशामागे आईने मतपत्रिकेवरून हात फिरवला. कागद सपाट होता. ती माझ्या कानाशी म्हणाली, "तिसरा." मी तिसऱ्या ओळीवर शिक्का मारला. शाई वाळली का, असे तिने विचारले, घडी स्वतः घातली आणि फट चाचपून मतपत्रिका पेटीत टाकली. आम्ही निघताना केंद्राध्यक्षांनी पट्टी परत केली. माझ्या हातात.

संध्याकाळी बाबांनी विचारले. "शिक्को मारलंय," ती म्हणाली.

मी या प्रसंगाची बारा ओळींची बातमी केली. मुख्य उपसंपादकांनी ती वाचून बाजूला ठेवली. नियम पाळला गेला, मत पडले, मग यात बातमी काय, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या कोणाच्या आईची असती तर मीही तेच म्हटले असते. याचा राग अधिक आला.

आठवड्याने तिने मशीनच्या खणातून बटणांची डबी काढून द्यायला सांगितली. डबीखाली पट्टी होती आणि भोकांचा तो नमुनाही. मी पट्टी नमुन्याच्या कडेला लावली. खाच तिसऱ्या ओळीवर नव्हती. पट्टी उलटी करून पाहिली. तरीही नव्हती.

"डबी मिळाली का रे?" तिने विचारले.

मिळाली, असे मी म्हणालो आणि खण बंद केला.

पुढच्या निवडणुकीला ती गेली नाही. बाबांना तिने गुडघ्याचे कारण सांगितले. कार्यालयाची पोच माझ्याकडे अजून आहे.

तिसऱ्या ओळीबद्दल इथे लिहिले, कारण ते तिचे मत नव्हते. खाच कोणत्या ओळीवर होती, ते लिहीत नाही.