मामी गुणिले अठरावा मजला

आमच्या मामांइतका गुरुत्वाकर्षणावर विश्वास ठेवणारा माणूस खुद्द पृथ्वीलाही दुसरा भेटला नसेल. नौपाड्याच्या शाळेत उभी हयात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि मुलांवर झाला नाही तो सगळा परिणाम त्यांच्यावर झाला. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू फक्त पडायची बाकी असते. लोणच्याची बरणी, देव, टीव्ही, सगळं घर त्यांनी जमिनीवर मांडलं होतं. कुणी कौतुकाने बाळाला वर उचललं की मामा लगेच बाळाचं वजन विचारत. एकदा टेंभी नाक्यावर दहीहंडीला नेलं, तर थर लागताना सगळे ओरडत होते आणि हे डोळे मिटून पुटपुटत होते, "वजन गुणिले उंची, वजन गुणिले उंची!" शेजारच्या बाईंनी भक्तिभावाने हात जोडले.

अशा माणसाची इमारत पुनर्विकासाला गेली, चिठ्ठ्या निघाल्या, आणि तळमजल्यावरच्या मामांना लागला अठरावा मजला! लोक पेढे मागायला आले, तर मामा पहिला मजला लागलेल्यांच्या दारात अदलाबदलीसाठी गयावया करत उभे. मामी मात्र हटून बसली. लग्न होऊन आल्यापासून तिच्या घरात ऊन म्हणून शिरलं नव्हतं. पापड वाळवायचे तर वरच्यांच्या गॅलरीत, तेही त्यांच्या सवडीने. तिला स्वतःची उन्हाची गॅलरी हवी होती, बस्स.

तिला पटवायला मामांनी प्रयोग केला. पहिल्या मजल्यावरून भोपळा टाकला, त्याला नुसता तडा गेला. दुसरा गच्चीवरून टाकला, त्याच्या बिया सेक्रेटरींच्या चष्म्यापर्यंत उडाल्या.

"बघितलंस? जितकी उंची तितकी ऊर्जा! आणि तुझं वजन म्हणजे..."

"अहो, मी मोरीत पडले ती तळमजल्यावरच ना?" मामी फोडी वेचत म्हणाली. "आता तरी उन्हात राहू दे मला. आणि आज भोपळ्याची भाजी आहे."

त्यानंतर मामा कुणाच्या दारात गेले नाहीत.

परवा त्यांच्या नव्या घरी गेलो. मामी गॅलरीत पापड घालत होती. कठडा चांगला छातीएवढा. तरी मामा आत जमिनीवर, चौकटीला पाय रोवून बसलेले, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून.

"मामा, ती पडलीच तर पदर धरून काय होणार? तुम्हीही जाल!"

"जाणारच," मामा शांतपणे म्हणाले. "वजन कितीही असो, पडण्याचा वेग सारखाच असतो रे. दोघं बरोबरच पोचू."

मला हसू आलं. मामीने पदर जरा सैल सोडला, त्यांना नीट धरता यावा म्हणून.